बोरवाडीत आवाज बंद केला तेव्हा

ज्या माणसांबद्दल मी पाच वर्षं लिहीत होते, त्यांच्यापैकी एकालाही मी कधी भेटले नव्हते. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढचं सांगताना लाज थोडी कमी वाटेल.

माहितीपटांचं निवेदन लिहिणं हा माझा व्यवसाय. चित्रीकरणाला दुसरे जातात. जोडून झालेला माहितीपट आमच्या दादरच्या अंधाऱ्या खोलीत येतो, मी समोर घड्याळ ठेवून बसते आणि चित्र जेवढा वेळ चालेल तेवढेच शब्द मोजूनमापून लिहिते. मग एक जाड आवाजाचे गृहस्थ येतात आणि ते वाचतात. शब्द माझे, आवाज त्यांचा, कौतुक अर्थात आवाजाचं.

१९७१ च्या हंगामात आमच्या मंडळींनी ऊसतोडीला जाणाऱ्या एका कुटुंबावर अठरा मिनिटांचा माहितीपट केला. त्यात शेवटी तेरा वर्षांची एक मुलगी कोयता हातात घेऊन उसाच्या फडात उभी आहे आणि सरळ आपल्याकडे पाहते आहे. तिथं मी लिहिलं, ‘आईच्या हातातला कोयता आता लेकीच्या हाती आला आहे. पिढी बदलली, कोयता बदलला नाही.’ पहिल्या खेळाला आमच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. कधी नव्हे ते निवेदन कुणी लिहिलं याची चौकशी झाली. ते वाक्य मी पुढे महिनाभर नव्या लुगड्यासारखं मिरवत होते.

मग १९७२ च्या मे महिन्यात साहेब म्हणाले, आपली फिरती गाडी नगर जिल्ह्यात हाच माहितीपट घेऊन निघाली आहे, तुम्ही बरोबर जा, लोकांना कसा वाटतो ते पाहा आणि अहवाल लिहा. मी आनंदानं निघाले. कौतुक ऐकायला जायचं होतं, आणखी काय?

नगर ते तिसगाव

नगरच्या स्टँडवर मुजावरभाई गाडी घेऊन उभे होते. पन्नाशीचे, नगरचेच. वीस वर्षं गावोगाव पडदा बांधत आलेले. गाडी तेच चालवतात आणि प्रोजेक्टरही तेच. पहिल्याच दहा मिनिटांत त्यांनी मला परिस्थितीची कल्पना दिली. गाडी, जनरेटर, प्रोजेक्टर आणि ते स्वतः, या चौघांपैकी रोज एकजण आजारी असतो, पण देवाच्या दयेनं दोघे एकदम कधी पडत नाहीत. मी निवेदन लिहिते हे ऐकून त्यांना नवल वाटलं. त्यांची समजूत अशी होती की तो जाड आवाजाचा माणूस पडद्याकडे बघत बघत सुचेल तसं बोलत असावा.

करंजीच्या घाटमाथ्यावर आलो आणि मी गाडी थांबवायला सांगितली. दादरला आकाश दोन इमारतींच्या मधल्या फटीतून दिसतं, तेवढ्यावर आम्ही भागवतो. इथं समोर जमीन सुटली होती ती थेट आकाशाला टेकेपर्यंत. झाड म्हणावं असं कुठेतरी एखादं. नांगरून पडलेली तपकिरी शेतं, दगडाचे बांध, त्यामागे आणखी शेतं, आणखी बांध. विहिरी आत्ताच तळाला गेल्या होत्या आणि पाऊस अजून महिनाभर लांब. वारा तापलेला, आणि कुठेही कसलाही आवाज नाही.

मी म्हटलं, “इथं तर काहीच नाही हो.”

मुजावरभाई बोनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते. ते म्हणाले, “त्या बांधांकडं बघा बाई. त्यातला एकेक धोंडा कुनीतरी हातानं उचललेला हाय.”

मग मी पुन्हा पाहिलं. नजर जाईल तिथवर बांध होते. कित्येक पिढ्यांनी ओणवं होऊन शेतातला दगड वेचला होता आणि तो कडेला रचला होता. मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. गड-किल्ले पाहून मला कधी असं झालं नव्हतं.

तिसगावला बाजाराचा दिवस होता. एका घरी आम्हाला हुलग्याचे शेंगोळे मिळाले. हुलग्याच्या पिठाची बोटभर लांबीची वळी करून लसणाच्या झणझणीत पाण्यात शिजवायची, वर तेलाची धार. आमच्याकडे हुलगे बैलांना घालतात असं मी बोलून गेले. वाढणाऱ्या बाईंनी शांतपणे माझ्या ताटात आणखी एक डाव वाढला आणि म्हणाल्या, मग बैलांची मजा हाय की तुमच्याकडं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी खाल्लं.

संध्याकाळी एका आडतदुकानाच्या भिंतीवर पडदा लागला. बाजारचं अर्धं गाव थांबलं होतं. लोक सिनेमा कसा पाहतात हे पाहणं हाच एक सिनेमा असतो. आधी त्यांनी बैल पाहिले. बैल कुणाचे, कुठल्या बाजारातून आणलेले, डावीकडचा लंगडतो का, हे सगळं ठरल्यावर गाड्या पाहिल्या. माणसांची पाळी सर्वांत शेवटी आली. माझ्या निवेदनाकडे कुणी लक्ष देत नव्हतं. शेवटी मात्र ती मुलगी पडद्यावर आली, जाड आवाज घुमला, ‘पिढी बदलली, कोयता बदलला नाही,’ आणि सगळे गप्प झाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

लोक पांगल्यावर पांढऱ्या पटक्याचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. काटक, साठीचे, बोलायला अदबशीर. पोरगी कुठली, असं त्यांनी विचारलं. मी उत्साहानं सगळं सांगितलं. सुमन नाव, बोरवाडीच्या अंबादासची मुलगी. त्यांनी आणखी एकच गोष्ट विचारली, “कोयता चालिवती का पोरगी?”

मी म्हटलं, “सिनेमात पाहिलंत ना?”

त्यांनी मान डोलावली आणि ते गेले. माझ्या वाक्याचा एक रसिक भेटला, असं मी त्या रात्री वहीत लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. ते पान मी फाडलेलं नाही, मुद्दाम.

बोरवाडी

दुसऱ्या दिवशी आजारी पडण्याची पाळी जनरेटरची होती. त्याचा पट्टा तुटला. मुजावरभाईंचा मेहुणा नागापूरच्या नव्या कारखान्यांपैकी एका वर्कशॉपात लागला होता, त्याच्याकडून पट्टा आणण्यात एक अख्खा दिवस गेला. आम्ही बोरवाडीला पोचलो ते तिसऱ्या दिवशी दुपारी उशिरा.

सुमनच्या आईला, चंद्राबाईला, मी अंगणात पाहिलं आणि पाय जागच्या जागी थांबले. या बाईला मी खोलीत बसून शंभर वेळा पाहिलं होतं. ती मोळी कशी बांधते, घाम पुसताना पदर कुठल्या हातानं धरते, चालताना डावा खांदा कसा किंचित खाली जातो, मला सगळं पाठ होतं. तिला मात्र माझं तोंडही माहीत नव्हतं. हे किती विचित्र आहे ते तिथवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पडद्यावर वाटते त्याहून ती ठेंगणी होती, हात मात्र मोठे होते. तिनं मला पाण्याचा तांब्या दिला आणि ती आत वळली. अंबादास, तिचा नवरा, गोठ्यापाशी उगीच दावी सारखी करत होता. घरात कुणाचं काहीतरी बिनसलं आहे हे पाहुण्यालाही कळतं.

उंबऱ्यावर सुमन बसली होती. सातवी पास झाली होती. बोरवाडीतली सातवीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. जूनपासून तिसगावच्या हायस्कुलात जाणार होती, रोज चालत. मी तिला म्हटलं, तू कोयता छान धरला होतास.

“मला न्हाई येत धरायला,” ती म्हणाली. “मी नाताळच्या सुट्टीत आईकडं कोपीवर गेल्ते. ते कॅमेरावाले म्हनले, पुस्तक ठिव खाली, ह्यो धर.”

कोपी म्हणजे पाचटाची, उसाच्या वाळल्या पाल्याची झोपडी, फडाशेजारी तोडणाऱ्यांची टोळी जिथं सहा महिने राहते ती. ती सुट्टी सोडली तर सुमन तिथं कधी राहिलीच नव्हती. सात हंगाम चंद्राबाई लेकीला आजीपाशी ठेवून तोडीला जात होती, शाळा मोडू नये म्हणून. दसरा गेला की जायचं, उन्हाळ्यात परत यायचं. म्हणजे लेकीचं निम्मं बालपण तिनं पाहिलंच नव्हतं.

बाकीचं मला संध्याकाळी चुलीपाशी कळलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता टोळीत घ्यायला मुकादम नाखूश असतो. म्हणून हंगामाच्या आधी पोरांची लग्नं उरकतात. तिसगावचे ते पांढऱ्या पटक्याचे गृहस्थ आपल्या धाकट्या पोरासाठी जोडीदारीण शोधत होते. आमचा जनरेटर आजारी होता तेवढ्यात ते चालत बोरवाडीला येऊन गेले होते. घर चांगलं, बैल चांगले, देण्याघेण्याची अट नाही. अंबादासला स्थळ पटलं होतं. दारी चालून आलेलं स्थळ परत पाठवलं तर पुन्हा कुणी येत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि पोरगी शाळेतली आहे, तिनं कोयता धरलेला नाही, असं तो सांगायला लागला तेव्हा पाहुणे हसले होते. सिनेमात मुंबईचा माणूस सांगतो ते खोटं असेल होय? शिवाय सिनेमाबरोबर आलेल्या बाईंनाही विचारून घेतलंय.

उद्या पाहुणे चार पंच घेऊन येणार होते. शाळेत सिनेमा बघायचा आणि लगेच तिथंच सुपारी फोडायची. पंचांदेखत सुपारी फुटली की शब्द फिरत नाही.

मी भिंतीला टेकून बसले होते. समोरचं ताट मी बाजूला सरकवलं.

चंद्राबाई भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “ती ओळ कुनी लिव्हली?”

“मी.”

थापण्याचा आवाज थांबला. मला वाटलं आता ती मला बाहेर काढेल, आणि काढलं असतं तर बरंच झालं असतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्यावर फुगवली आणि माझ्या ताटात ठेवली.

“जेवा आदी,” ती म्हणाली.

नंतर तिनं ती ओळ काढता येते का विचारलं. आवाज फिल्मच्या कडेलाच छापलेला असतो, तो खोडता येत नाही, हे मी तिला समजावलं. मी सकाळी जाऊन पाहुण्यांना खरं सांगेन, असंही म्हणाले. तिनं नकारार्थी मान हलवली. मी आधी एक सांगितलं, आता दुसरं सांगणार, लोक कुठलं धरतील? ती स्वतः का नाही बोलत, असं मी विचारलं तेव्हा तिला माझी कीव आली असावी. व्याही-मंडळींपुढं, पंचांपुढं घरची बाई तोंड उघडत नाही. दाराआडून पाणी सरकवते, तेवढंच.

झोपायला जाताना तिनं मला एवढंच विचारलं, “उद्या खोलीत अंदार करनार ना तुमी?”

करावाच लागतो, मी म्हटलं. तिच्या मनात काय होतं ते मला मुळीच कळलं नाही.

घोंगड्यांचा अंधार

संध्याकाळी मिरजगावला खेळ होता, म्हणून बोरवाडीचा खेळ दुपारी, शाळेच्या एकुलत्या एका खोलीत. खिडक्या-दारांवर गावानं घोंगड्या आणून टांगल्या. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख, लोकरीचा उबट वास, दीडशे माणसांचा घाम. पुढे उजवीकडे पंच आणि पांढरा पटका, त्यांच्याशेजारी अंबादास. मागे डावीकडे बायका. त्यांत चंद्राबाई, डोक्यावरून पदर घेऊन, सुमनला शेजारी घेऊन.

माहितीपट सुरू झाला. बैल ओळखून झाले. मग पडद्यावर फड आला, आणि जाड आवाज म्हणाला, ‘अंबादास ऊस तोडतो, त्याची पत्नी त्याला मदत करते.’

चित्रात ऊस चंद्राबाई तोडत होती. अंबादास मोळ्या बांधत होता. माझ्या डोळ्यांसमोर शंभर वेळा ते चित्र गेलं होतं आणि मी तसं लिहिलं होतं. खोलीत कुणीतरी खुसकन हसलं.

तेवढ्यात मागच्या अंधारातून बाईचा आवाज आला, अगदी साधा, घरात बोलावं तसा.

“त्या बाबाला गप करा जरा. मी सांगते.”

मुजावरभाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसत होता. आवाज बंद करून माहितीपट दाखवायचा नाही असा आमच्या संस्थेचा नियम. आणि तो आवाज म्हणजे तरी काय, माझेच शब्द, माझी पाच वर्षांची भाकरी. मी हात पुढे केला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

खोलीत प्रोजेक्टरची खरखर तेवढी राहिली. पडद्यावर चंद्राबाई ऊस तोडत होती आणि अंधारात चंद्राबाई बोलत होती.

“ह्यांचं मनगाट मोडल्यालं हाय. चार सालं झाली, मी तोडते, ह्ये बांधत्यात. ह्ये कुनी इचारलं न्हाई.” चित्र पुढे सरकत होतं तशी ती सांगत होती. ही पहाट. ह्या वेळी दव इतकं असतं की लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. ही शेजारीण, तिला आदल्या दिवशी ताप होता. ही कोपी, हिच्यात उभं राहता येत नाही. कुठेही आवाज चढला नाही, कुठे रडं नाही. दिवसा उजेडी जी बाई पंचांपुढं तोंड उघडू शकत नव्हती, ती काळोखात, स्वतःच्याच चित्राच्या आधारानं, दीडशे माणसांपुढं बोलत होती. कुणी तिला थांबवलं नाही. थांबवायचं कुणाला, बोलणारीचं तोंड दिसत नव्हतं, आणि पडद्यावर ती सगळ्यांना दिसत होती. असं निवेदन मला जन्मात जमलं नसतं.

मग तो शेवटचा प्रसंग आला. सुमन, कोयता, सरळ नजर.



“हितं कायबी खरं न्हाई,” ती म्हणाली. “कोयता माझा हाय. तिच्या पायापाशी बगा. पाचटावर.”

सगळी खोली पुढे वाकली. मीही वाकले. पडद्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, मुलीच्या पायाशी, पाचटावर एक पुस्तक उघडं पडलं होतं. वाऱ्यानं त्याचं एक पान हललं.

ते पुस्तक तिथं पहिल्यापासून होतं. जोडणाऱ्यानं पाहिलं नाही, साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं नाही, मी घड्याळ लावून बसले होते तरी पाहिलं नाही.

“सात सालं मी पोरीला सोडून ऱ्हायले,” अंधारातून आवाज आला, “ते ह्या पुस्तकासाठी. माझा कोयता मोडला तरी तिच्या हातात जायाचा न्हाई.”

रीळ संपलं. पांढरा उजेड पडद्यावर नाचत राहिला. मग कुणीतरी दारावरची घोंगडी ओढली आणि भसकन ऊन आत आलं. बायकांच्या घोळक्यात चंद्राबाई खाली मान घालून बसली होती, पदर कपाळापर्यंत. जणू ती बोललीच नव्हती.

सगळे पटकेवाल्या पाहुण्यांकडे बघत होते. त्यांच्या मुठीत सुपारी होती. त्यांनी ती जरा वेळ बोटांत फिरवली. मग अंबादासला म्हणाले, “आमी कोयता बगाया आल्तो, पाव्हनं. ह्या घरात कोयता हाय, पन तो पोरीचा न्हाई.” आणि सुपारी पुन्हा चंचीत टाकली.

अंबादासनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर अपमान असेल असं मला वाटलं होतं. तो बायकोच्या दिशेनं बघत होता आणि डाव्या हातानं आपलं मोडकं मनगट चोळत होता. मग उठला आणि पाहुण्यांना जेवायचं आमंत्रण दिलं. सोयरीक झाली नाही म्हणून उपाशी जायची पद्धत इथं नाही. पाहुणे जेवले, दोनदा आमटी मागून घेतली, आणि निघताना सुमनला कितवी झाली ते विचारून गेले.

चंद्राबाईशी मला दोन शब्द बोलायचे होते. क्षमा मागायची होती. ती भांडी घासत होती. म्हणाली, मिरजगाव लांब हाय, निगा आता, उशीर हुईल. आणि एक फडकं माझ्या हातात दिलं, त्यात चार भाकऱ्या आणि ठेचा होता.

मिरजगाव

वाटेत मुजावरभाईंनी सांगितलं, वीस वर्षांत त्यांनी किती गावांत किती माहितीपट दाखवले असतील, पण लोक पडद्याशी बोलले तर ते आवाज वाढवायचे. कमी करायचं कधी सुचलं नाही.

दिवेलागणीला मिरजगावात रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत पडदा बांधला. खूप गर्दी होती. अंबादास तोडतो आणि पत्नी मदत करते, असं जाड आवाजानं सांगितलं आणि मी मान खाली घातली. शेवटचा प्रसंग जवळ आला. सुमन पडद्यावर आली, आणि मी काही म्हणायच्या आत मुजावरभाईंनी बटण फिरवलं. माझं ते लाडकं वाक्य तिथंच विरून गेलं. इतक्या माणसांपुढं अचानक शांतता झाली. आवाज गेला, आवाज गेला, अशी कुजबुज सुरू झाली.

माझे शब्द नेहमी दुसऱ्यानं बोललेले. चार माणसांत उभं राहून मी कधी बोलले नव्हते. पण मी पडद्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि बोलले, आणि बोलले तेही माझ्या भाषेत नाही.

“हितं कायबी खरं न्हाई,” मी म्हटलं. “कोयता तिच्या आईचा हाय. तिच्या पायापाशी बगा.”

लोकांनी पाहिलं. पुढे बसलेल्या एका बाईनं, तिच्या मांडीवर मूल होतं, मला विचारलं, “मग पोरगी काय करती?”

“आठवीत चालली हाय,” मी म्हटलं.